जंगल सफारीला काय घालावं, काय न्यावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सफारीची खरेदी करताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर चालणारा माणूस असतो: पायात जाडजूड बूट, अंगात डझनभर खिशांचं जाकीट, कमरेला पाण्याची बाटली. प्रत्यक्षात सफारीतला माणूस बसलेला असतो. उघड्या गाडीत तीन-चार तास, आधी पहाटेच्या वाऱ्यात, मग डोक्यावर आलेल्या उन्हात आणि अख्खा वेळ पुढच्या गाडीने उडवलेल्या धुळीत. ‘सफारी’ हा शब्दही मूळ स्वाहिलीत ‘प्रवास’ याच अर्थाचा, अरबी ‘सफर’वरून आलेला. तेव्हा तयारी बसून करायच्या प्रवासाची करा. एवढं डोक्यात बसलं की खालचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

सगळे उन्हाचं सांगतात. थंडीचे कपडे खरंच लागतात का?

लागतात, आणि सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात. फाटक उघडतं सूर्योदयाच्या सुमारास, म्हणजे दिवसातली सगळ्यात गार वेळ तुम्ही उघड्या गाडीत काढणार. हवा ५ अंशांवर असेल आणि गाडी ताशी ३० किलोमीटरने धावत असेल, तर वाऱ्यामुळे अंगाला ती शून्याच्या आसपास लागते. डिसेंबर-जानेवारीत कान्हाच्या कुरणांवर पहाटे दवाचं हिम झालेलं दिसतं. दक्षिण आफ्रिकेत जून ते ऑगस्ट हा हिवाळा असतो आणि प्राणी दिसायला तोच काळ उत्तम, त्यामुळे तिथल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाला जाणारे नेमके कडाक्याच्या पहाटा गाठतात.

उंचीही विसरू नका. टांझानियातलं गोरोंगोरो विवर विषुववृत्तापासून जेमतेम ३ अंशांवर आहे, म्हणून लोक पातळ शर्ट घेऊन जातात. पण त्या विवराचा काठ समुद्रसपाटीपासून साधारण २,३०० मीटरवर आहे आणि मुक्कामाची बरीच ठिकाणं काठावरच आहेत. दर हजार मीटरला तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं, हे गणित नकाशा बघतानाच मांडून टाकावं.

कानटोपी, हातमोजे आणि गळ्याभोवती गुंडाळायला काहीतरी, या तीन वस्तू मुठीत मावतात. त्या नसतील तर वाघ समोर असूनही तुमचं लक्ष बोटांकडे राहतं.

म्हणजे एक जाड जॅकेट घेतलं की झालं?

उलट. जाड जॅकेटची पंचाईत अशी की साडेआठला ते नकोसं होतं आणि काढलं की आत नुसता टी-शर्ट उरतो. एकावर एक चढवता आणि उतरवता येतील असे कपडे हवेत. अंगालगत घाम टिपणारा पातळ कपडा, त्यावर पूर्ण बाह्यांचा सैल शर्ट, त्यावर लोकरी किंवा फ्लीसचा स्वेटर आणि सगळ्यात वर वारा अडवणारं पातळ विंडचीटर. ऊब स्वेटर धरून ठेवतो, पण वारा आत शिरला की ती ऊब निघून जाते. म्हणून विंडचीटर दिसायला फालतू वाटलं तरी थंडीतलं निम्मं काम तेच करतं.

विंडचीटर घेताना ते हातात चुरगाळून बघा. चिप्सच्या पुड्यासारखं कुरकुरत असेल तर दुसरं घ्या. गाडी बंद करून सगळे श्वास रोखून सांबराचा इशारा ऐकत बसलेले असतात आणि मागच्या सीटवर कोणीतरी बाही सारखी करतो, हा अनुभव एकदा घेतला की कळतं.

गाडी बंद प्रकारची असेल तर?

मग एक थर कमी चालेल. पूर्व आफ्रिकेत बऱ्याच गाड्या बाजूंनी बंद असतात आणि छप्पर वर उचलतं. तिथे वारा कमी लागतो, पण उभं राहून बघताना डोकं आणि मान उन्हात असते. भारतातल्या जिप्सी आणि दक्षिण आफ्रिकेतल्या पायऱ्यापायऱ्यांच्या सीटच्या गाड्या पूर्ण उघड्या. नोंदणी करताना गाडी कुठली, हे विचारून घ्या. पॅकिंग त्यावरच ठरतं.

खाकीच घालायला हवं का?

नाही. खाकीचं प्रस्थ एकोणिसाव्या शतकातल्या सैन्यातून आलं आणि शब्द फारसी ‘खाक’वरून, म्हणजे धुळीचा रंग. सफारीत त्याचा मुख्य उपयोगही धुळीसाठीच होतो. आपल्याकडे ‘मळखाऊ’ असा नेमका शब्द आहे, तो लक्षात ठेवा. मातकट, राखाडी, शेवाळी, फिक्कट तपकिरी, यांतलं काहीही चालेल आणि ते बहुधा तुमच्या कपाटात आधीपासूनच असतं. नवी खरेदी करायची गरज नाही.

आता प्राण्यांना रंग दिसतात का, हा यातला खरा गमतीचा भाग. हरणं, गवे, वाघ-बिबट्यांसकट बहुतेक सस्तन प्राण्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. आपल्याकडे तीन प्रकारच्या आहेत. त्यामुळे लाल आणि हिरवा यातला फरक त्यांना कळत नाही. वाघाचा भगभगीत नारिंगी रंग चितळाला झाडोऱ्याच्या हिरव्यातच मिसळलेला दिसतो, नाहीतर इतकं ठळक जनावर उपाशी मेलं असतं. म्हणजे तुमचा लाल स्वेटर चितळाला बोचेल ही भीती फारशी खरी नाही. पांढरा आणि चमकदार निळा मात्र उठून दिसतात. धुण्याच्या काही पावडरींत कपडे शुभ्र दिसावेत म्हणून चमक आणणारी द्रव्यं असतात. ती अतिनील किरणं शोषून निळसर उजेड बाहेर टाकतात, आणि निळा रंग ओळखणारी पेशी या प्राण्यांकडे असते.

वानरांची गोष्ट वेगळी. त्यांना आपल्यासारखेच रंग दिसतात. पक्ष्यांना तर आपल्यापेक्षा जास्त दिसतात, त्यांच्याकडे चार प्रकारच्या पेशी असतात. पक्षी बघायला निघाला असाल तर भडक रंग खरोखरच टाळा. बाकी सगळ्यांसाठी रंगापेक्षा हालचाल महत्त्वाची. खाकी घालून हातवारे करणारा माणूस लाल घालून गप्प बसलेल्यापेक्षा जास्त त्रासदायक असतो.

निळे आणि काळे कपडे नकोत असं का सांगतात?

त्से-त्से माशीमुळे. ही माशी आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेकडच्या काही भागांत असते, सगळीकडे नाही. निळ्या आणि काळ्या रंगाकडे ती इतकी ओढली जाते की तिला पकडण्याचे सापळेच निळ्या-काळ्या कापडाचे करतात. चावा जोराचा असतो, पातळ कापडातून आरपार जातो आणि अंगाला लावायच्या मलमांना ती फारशी जुमानत नाही. निद्रारोग तिच्यातूनच पसरतो, पर्यटकांना तो क्वचित होतो. टांझानिया, झांबिया, युगांडा अशा देशांत जात असाल तर गडद निळी पँट घरीच ठेवा. आशियातल्या जंगलांत त्से-त्से नाही, तिथे ही अडचण नाही.

लष्करी छापाचे कपडे चालतील ना? जंगलात लपायला तेच बरे.

नको. झिंबाब्वे, झांबिया यांसारख्या देशांत सामान्य नागरिकाने असे कपडे घालणं बेकायदा आहे. विमानतळावरच अडवू शकतात. शिवाय तुम्ही लपणार कुठे? डिझेलच्या गाडीत आठ जणांसोबत बसलेले असता.

जीन्स?

एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही, थंडीत गार पडते, उन्हात तापते आणि तीन तास बसल्यावर गुडघ्यामागे काचते. हॉटेलात संध्याकाळी घालायला न्यायची तर न्या. सैल सुती किंवा पटकन वाळणारी पँट बरी. गुडघ्यापासून चेन उघडून हाफ पँट होणाऱ्या पँटची चेष्टा होते, पण उकाड्यात त्यांचा उपयोग होतो.

कडक उन्हाळ्यात पूर्ण बाह्या कशाला?

कारण उकाडा आणि ऊन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मे महिन्यात मध्य भारतातल्या जंगलांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि नेमके तेव्हाच पाणवठ्यांवर प्राणी दिसतात. अशा हवेत उघड्या हातांवर थेट ऊन घेण्यापेक्षा सैल सुती बाही केव्हाही गार. कापड सैल असेल तर आतून वारा खेळतो. तंग कपडा मात्र दोन्ही बाजूंनी मारतो.

हाताच्या मागच्या बाजूला, मानेला, कानांच्या पाळ्यांना आणि पायांच्या घोट्यांना सनस्क्रीन लावायला लोक विसरतात आणि नंतर तिथेच भाजतं. एसपीएफ ३० पुरेसं आहे, ते जळजळ करणारी अतिनील किरणं साधारण ९७ टक्के अडवतं. ५० वालं ९८ टक्के. फरक एका टक्क्याचा आहे. दर दोन तासांनी पुन्हा लावलं का, हा प्रश्न त्याहून मोठा.

टोपी कुठली?

गळ्याखाली दोरी असलेली. बाकी काहीही असो.

माझी एक चांगली, रुंद काठाची टोपी एका राखीव जंगलात कायमची राहिली. गाडी वळणावर जरा वेगात होती, वारा आला आणि टोपी मागे रस्त्यावर. मी ओरडलो, चालकाने आरशात बघितलं आणि खांदे उडवले. राखीव जंगलात गाडीतून उतरायला मनाई असते, टोपीसाठी तर नाहीच. त्यानंतरचे अडीच तास मी डोक्यावर रुमाल बांधून काढले. टोपी गेल्यापेक्षा जंगलात आपण एक कचरा टाकून आलो, हे जास्त खटकत राहिलं.

पुढे चोच असलेली कॅप कान आणि मान झाकत नाही. कॅपच घालायची असेल तर गळ्यात सुती पट्टी असू द्या, ती वर ओढली की मान झाकते आणि धुळीत नाकावर घेता येते.

पायात ट्रेकिंगचे बूट हवेत का?

गाडीतल्या सफारीला नाही. पाय झाकणारा कोणताही आरामशीर बूट चालतो. गाडीत चढताना-उतरताना पाय उंच टाकावा लागतो, म्हणून गुळगुळीत तळ आणि टाच नको. मुक्कामाच्या जागी वावरायला एक चप्पल न्या, पण अंधारात बंद बूटच घाला आणि हातात टॉर्च असू द्या. सकाळी बूट घालण्याआधी उलटे करून झटका, विंचवाला बुटातली ऊब आवडते.

पायी सफारी असेल तर घोट्यापर्यंतचे बूट हवेत आणि ते आधी महिनाभर वापरून मऊ केलेले हवेत. कोरे बूट आणि आठ किलोमीटरची चाल हे जमत नाही. पायी जाताना रंगाचा नियमही कडक असतो, वाटाड्या पांढरा शर्ट घातलेल्याला परत पाठवू शकतो.

चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर?

लेन्स घालणाऱ्यांना धूळ फार छळते. सफारीपुरता चष्मा लावा आणि त्यावर बसणारा किंवा नंबरचाच गॉगल करून घ्या. जास्तीचा एक चष्मा सोबत असावा, कारण जंगलाच्या आसपास नंबरचा चष्मा करून मिळत नाही. डोळे धुवायला कृत्रिम अश्रूंचे थेंब न्या.

अत्तर लावलं तर प्राणी पळतात का?

प्राण्यांना डिझेल, टायर आणि माणूस यांचा वास तसाही येतच असतो. अत्तर टाळायचं ते शेजारच्या सीटवरच्या माणसासाठी.

गाडीत हाताशी काय ठेवायचं?

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि तो सगळ्यात कमी विचारला जातो. मोठ्या बॅगेत तुम्ही काय भरलंय याला पहाटे साडेपाचला काडीचीही किंमत नसते. मांडीवर किंवा पायाशी असलेल्या छोट्या पिशवीत जे आहे तेवढंच तुमचं.

रात्रीच भरून ठेवा. पाणी, तेही पुन्हा भरता येणाऱ्या आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत. दुर्बीण, पण ती पिशवीच्या तळाला ठेवू नका, गळ्यातच असू द्या. सनस्क्रीन, ओठांना लावायचा बाम, कागदी रुमाल, हात पुसायला ओला रुमाल. रोजची औषधं चालू असतील तर त्या दिवसाचा डोस. गाडीत मळमळत असेल तर त्याची गोळी, आणि ती निघण्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते, मळमळू लागल्यावर नाही. प्रवेशासाठीचं मूळ ओळखपत्र, कारण बऱ्याच ठिकाणी नोंदणीच्या वेळी दिलेल्याच ओळखपत्राने आत सोडतात, मोबाईलमधला फोटो चालत नाही. थंडी असेल तर एक शाल. ती पांघरता येते, सीटवर घडी करून टाकता येते, कॅमेऱ्यावर धूळ आली की झाकता येते. सफारीत शालीइतकी कामाची दुसरी वस्तू मला अजून सापडलेली नाही.

खाण्याचं मात्र आधी विचारा. काही जंगलांत गाडीत खायला मनाई असते, काही ठिकाणी ठरलेल्या थांब्यावरच खाता येतं. पिशवीची चेन रात्रीच एकदा उघडून आवाज ऐका. वेल्क्रो असेल तर ती पिशवी बदला, वेल्क्रो उघडल्याचा आवाज शांत जंगलात कापड फाडल्यासारखा येतो.

लघवीला जायचं झालं तर?

लाजून न विचारलेला, पण प्रत्येकाच्या मनातला प्रश्न. मोठ्या अभयारण्यांत ठरावीक ठिकाणी स्वच्छतागृहं असतात, पण दोन जागांमध्ये तास-दीड तासही जाऊ शकतो. निघण्याआधी जाऊन या आणि चहा-कॉफी जपून घ्या. पाणी मात्र कमी करू नका, उन्हाळ्यात ते अंगाशी येतं. अगदीच वेळ आली तर चालकाला वेळेवर सांगा. त्याला सुरक्षित, मोकळी जागा शोधायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. आपल्या मनाने झुडपामागे जायचं नाही, झुडपामागे आधीच कोणीतरी असू शकतं. वापरलेला कागद पिशवीत घालून परत आणायचा.

बायकांसाठी वेगळं काही?

रस्ते खडबडीत असतात, तासन्‌तास हिसके बसतात. तेव्हा अंतर्वस्त्र व्यायामाच्या वेळी घालतात तसं, घट्ट आधार देणारं हवं. साडी किंवा लांब ओढणी गाडीत चढताना अडकते, कुर्ता-पँट सोयीची. पाळीची तारीख जवळ असो वा नसो, तिथले दिवस आणि वरचे चार, एवढ्यांचं सामान घरूनच न्या. ऐन जंगलात दुकान नसतं. वापरलेलं टाकायला न गळणारी पिशवी ठेवा. दागिने घरी ठेवा, बांगड्यांचा किणकिणाट तर नक्कीच.

दुर्बीण खरंच लागते? कॅमेऱ्याने झूम करता येतंच की.

लागते आणि माणशी एक लागते. दोघांत एक दुर्बीण म्हणजे एकाने बघायचं आणि दुसऱ्याने ‘कुठे, कुठे’ म्हणायचं.

दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात येणाऱ्या उजेडाच्या झोताची रुंदी मिळते, इथे सव्वापाच मिलिमीटर. पहाटे आणि तिन्हीसांजेला डोळ्याची बाहुली मोठी होते, तेव्हा हा झोत रुंद असलेला बरा. म्हणून खिशात मावणारी ८×२५ सफारीच्या ऐन वेळेला अंधुक दाखवते. १० पटीची घ्यावीशी वाटते, पण गाडीत हात हलतो आणि तो हलणंही १० पट होतं. ८ पट बरी.

नवी दुर्बीण घरीच हाताळून बघा. पहिल्यांदा ती डोळ्यांना नीट लावायला पाच मिनिटं जातात आणि बिबट्या पाच मिनिटं थांबत नाही.

कॅमेऱ्याचं काय?

यावर वेगळं पुस्तक होईल, म्हणून थोडक्यात. धूळ हा शत्रू, तेव्हा गाडीत लेन्स बदलू नका. तिवई गाडीत मांडता येत नाही. तिच्याऐवजी कापडी पिशवी रिकामी न्या आणि तिथे पोचल्यावर धान्याने भरा, खिडकीच्या काठावर ठेवली की लेन्स स्थिर राहते. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत आलात की भिंगावर बाष्प साचतं, म्हणून कॅमेरा निघण्याच्या अर्धा तास आधी बॅगेसकट बाहेर ठेवा. फ्लॅश बंद, बटणांचे आवाजही बंद.

सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच ठेवाव्या लागतात, तपासणीला दिलेल्या बॅगेत चालत नाहीत. १०० वॅट-अवरपर्यंतची पॉवर बँक साधारणपणे नेता येते. २०,००० एमएएचची सुमारे ७४ वॅट-अवर भरते. प्लगचा आकारही बघा: केनिया-टांझानियात तीन चौकोनी पिनांचा, दक्षिण आफ्रिकेत मोठ्या गोल पिनांचा. ड्रोन घरी ठेवा, बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत त्याला बंदी आहे. मोबाईलही काही ठिकाणी आत नेता येत नाही, ताडोबाचं गाभा क्षेत्र त्यांतलंच. फोटोसाठी मोबाईलवरच विसंबून असाल तर हे आधी तपासा.

डास आणि बाकीच्या कीटकांसाठी काय न्यायचं?

मलेरियाचा डास संध्याकाळ ते पहाट चावतो, डेंग्यूचा दिवसा. त्यामुळे एकच वेळ सांभाळून भागत नाही. डीट आणि पिकारिडिन ही डास पळवणारी द्रव्यं. २० ते ३० टक्के डीट असलेलं किंवा २० टक्के पिकारिडिन असलेलं मलम न्या. आधी सनस्क्रीन लावायचं, ते मुरू द्यायचं आणि मग डासांचं. डीट प्लास्टिक विरघळवतं. तेच हात गॉगलला, घड्याळाला किंवा दुर्बिणीला लावले तर ठसे कायमचे उमटतात, हे स्वानुभवावरून सांगतो.

गवतातून चालायचं असेल तर पँटचे पाय पायमोज्यांत खोचा. ध्यान दिसतं, पण गोचीड आत शिरत नाही. पावसाळी सदाहरित जंगलात जळवांसाठी बारीक विणीचे, गुडघ्यापर्यंतचे वेगळे पायमोजे मिळतात, ते साध्या पायमोज्यांवर चढवायचे. कपड्यांवर मारायचं पर्मेथ्रिन हे कीटकनाशक उपयोगी आहे, पण ते कातडीवर लावायचं नसतं आणि ओलं असताना मांजराजवळ तर अजिबात न्यायचं नाही, मांजरांना ते विषारी असतं.

लस, गोळ्या?

यासाठी डॉक्टरकडे प्रवासाच्या सहा-आठ आठवडे आधी जा. काही गोष्टी मात्र स्वतःला माहीत हव्यात. पीतज्वराच्या (यलो फीवरच्या) लशीचं प्रमाणपत्र टोचल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं, म्हणजे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. २०१६ पासून ते आयुष्यभर ग्राह्य धरतात. केनिया-युगांडासारख्या देशांतून परतताना ते नसेल तर भारतात विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरियाच्या काही गोळ्या परत आल्यावर आठवडाभर, तर काही चार आठवडे चालू ठेवायच्या असतात. त्यातल्या डॉक्सिसायक्लीनने कातडी उन्हाला हळवी होते, सफारीवर हे महत्त्वाचं. सगळी औषधं मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत.

बॅग कशी आणि किती मोठी?

आफ्रिकेत एका उद्यानातून दुसऱ्यात छोट्या विमानाने जाणार असाल तर हा प्रश्न निकालात निघालेलाच असतो. तिथे सामानाची मर्यादा सहसा १५ ते २० किलो, तीही बहुधा हातातलं धरून. बॅग मऊ हवी, टणक कवचाची किंवा लोखंडी सांगाड्याची चालत नाही, कारण विमानाच्या पोटातल्या लहान दारातून ती दाबून कोंबावी लागते. चाकांची सूटकेस घेऊन धावपट्टीवर उभं राहण्याची वेळ आणू नका.

कपडे कमी न्या. सफारीला दोन पँट, तीन-चार शर्ट, एक स्वेटर, एक विंडचीटर आणि पायमोजे मात्र भरपूर, एवढ्यात आठवडा निघतो. एकच शर्ट सलग दोन दिवस घातला हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण धुळीने सगळेच एका रंगाचे झालेले असतात. आफ्रिकेतल्या पुष्कळ मुक्कामी तळांवर रोज कपडे धुऊन मिळतात, मात्र अंतर्वस्त्रं बरेचदा घेत नाहीत. ती आपली आपण धुवायची. बाहेर वाळत घातली तर इस्त्री केल्याशिवाय घालू नका. आफ्रिकेतली टुंबू माशी ओल्या कपड्यांवर अंडी घालते आणि त्यातल्या अळ्या कातडीत शिरतात. कडक इस्त्रीने अंडी मरतात. तळावरची माणसं पायमोज्यांनाही इस्त्री का करतात, याचं उत्तर हे आहे.

प्लास्टिकच्या पिशव्यांत कपडे भरले तर?

देश बघा. रवांडात २००८ पासून, केनियात ऑगस्ट २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगना बंदी आहे आणि विमानतळावर त्या काढून घेतात. केनियातल्या संरक्षित क्षेत्रांत तर जून २०२० पासून एकदाच वापरायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत. कापडी पिशव्या वापरा, त्या आवाजही करत नाहीत.

लहान मुलांसाठी काय?

मुलांना थंडी मोठ्यांपेक्षा लवकर वाजते आणि ती सांगत नाहीत, कुरकुरतात. एक थर जास्तच घाला. चालताना दिवे लागणारे किंवा चूं-चूं वाजणारे बूट घरी ठेवा. स्वतःची छोटी दुर्बीण आणि वही-पेन्सिल दिली की तासभर सुटका होते. किती वर्षांखालच्या मुलांना नेता येत नाही, हा नियम जागोजागी वेगळा आहे. पायी सफारीला तर बहुतेक ठिकाणी लहान मुलांना घेतच नाहीत.

पावसाळी हंगामात जायचं आहे. छत्री?

छत्री नको, उघड्या गाडीत ती उलटी होते आणि मागच्याला काहीच दिसत नाही. डोक्यावरून घ्यायचा सैल पोंचो उत्तम, तो मांडीवरच्या पिशवीलाही झाकतो. कॅमेरा आणि कागदपत्रांसाठी पाणी न शिरणारी पिशवी. भारतातल्या बहुतेक व्याघ्र प्रकल्पांचा गाभा भाग जुलै ते सप्टेंबर बंद असतो, तेव्हा आधी तारखा बघा, मग पोंचो.

गोरिला बघायला जाताना वेगळं काय लागतं?

जवळजवळ सगळंच. रवांडा-युगांडातला हा प्रकार म्हणजे गाडीतली सफारी नव्हे. चढ, चिखल, ओली झाडी आणि उंचावरची थंडी. इथे ट्रेकिंगचे बूट, पावसाचं जॅकेट, जाड पँट आणि आग्या-खाजकुइलीसारख्या डंख करणाऱ्या वनस्पती बाजूला सारायला बागकामाचे हातमोजे लागतात. तोंडाला मास्क न्या. माणसाचा सर्दी-खोकला गोरिलांना होऊ शकतो आणि त्यांना तो जड जातो. तुम्हालाच सर्दी झाली असेल तर जाऊ नका, परवान्याचे पैसे गेले तरी.

परत आल्यावर काही करायचं असतं का?

त्याच संध्याकाळी अंघोळीच्या वेळी काखा, जांघा, गुडघ्यामागचा भाग आणि केसांची मुळं तपासा, गोचीड असली तर इथेच सापडते. ती चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, काडीने जाळायची नाही. बुटांच्या तळाचा चिखल आणि पायमोज्यांना चिकटलेली कुसळं तिथेच झटका. एका जंगलातलं बी दुसऱ्या जंगलात नेऊ नये. दुर्बिणीची धूळ आधी फुंकणीने उडवा आणि मगच पुसा, नाहीतर तीच धूळ भिंगावर ओरखडे काढते. मलेरियाच्या गोळ्या ठरलेल्या दिवसापर्यंत घ्या. आणि पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना तापाआधी हे सांगा, की आपण कुठे जाऊन आलो.